सागवनातील पांढरी मुसळी : एका नावाचा इतिहास

पावसाची पहिली झड ओसरली की वसई, विरार आणि पालघरच्या बाजारांत आदिवासी भगिनी गवतासारख्या लांब, कोवळ्या पात्यांच्या जुड्या मांडून बसतात. कोणी त्या भाजीला कुली म्हणतात, कोणी फोडशी. पात्याच्या बुडाचा पांढरा, चिवट भाग काढून टाकायचा, हिरवा भाग बारीक चिरायचा, कांदा-लसणावर परतायचा आणि भिजवलेली डाळ घालून वाफ आणायची, ही रीत आपल्या कितीतरी घरांतील आजींना पाठ असते. वर्षातून तीन-चार आठवडेच मिळणाऱ्या या भाजीचे आपल्याला अप्रूप आहे. मात्र ताटातल्या या पात्याला पुढे फूल येते, ते पांढरेशुभ्र आणि सहा पाकळ्यांचे असते, हे आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिलेले असेल.

या भाजीच्या गोतावळ्यातील एका बहिणीची कथा आम्हांला येथे सांगायची आहे. तिचे लोकांतले नाव पांढरी मुसळी किंवा सफेद मुसळी. औषधांच्या जाहिरातींमुळे तिच्या कंदाचे नाव घरोघरी पोहोचले आहे. तिचे फूल मात्र अनोळखीच राहिले आहे. तिला शास्त्राच्या दरबारात स्वतंत्र नाव मिळाले ते १९५५ साली, आणि ते देणाऱ्या दोघांपैकी एक होते मुंबईच्या संत झेवियर महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. नाव मुंबईच्या उपनगराचे, पण रोप सागाच्या रानातले. म्हणून तिला भेटण्यासाठी आम्ही एका श्रावणात घरापासून सहाशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, यवतमाळ जिल्ह्यात गेलो.

जिल्हा आणि त्याचे रान

यवतमाळ म्हटले की वर्तमानपत्रे वाचणाऱ्या माणसाला कापूस आठवतो आणि कापसामागोमाग शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात. २०१८ साली पांढरकवड्याच्या परिसरात मारल्या गेलेल्या वाघिणीमुळेही हा जिल्हा काही दिवस देशभर चर्चेत होता. ख्रिस्ती वाचकांना त्याची आणखी एक ओळख असेल. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही प्रॉटेस्टंट बांधवांची धर्मशिक्षणसंस्था १९५३ साली यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला गेली. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या रचनेत हा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात मोडतो, आणि त्या धर्मप्रांताची स्थापनाही १९५५ सालचीच.

दक्षिणेला पैनगंगा, पूर्वेला आणि ईशान्येला वर्धा, अशा दोन नद्यांनी या जिल्ह्याला कड दिली आहे. मध्ये बेसाल्ट खडकाचे पठार, त्यातून उतरणाऱ्या अरुणावती, अडाण, बेंबळा, पूस या लहान नद्या आणि टेकड्यांच्या उतारांवर पानझडीचे रान. या रानाचा राजा साग. त्याच्यासोबत ऐन, धावडा, मोह, तेंदू, चारोळी, सालई आणि अधूनमधून बांबूची बेटे. उन्हाळ्यात हे रान पाहणाऱ्याला ते मेलेले वाटावे. पाने गळालेली, दगड तापलेले, जमिनीवर सागाच्या करकरीत पानांचा थर. जूनमध्ये दोन-चार सरी कोसळल्या की त्याच थराखालून हिरवे कोंब वर येतात. सागाचे मोठे पान पूर्ण पसरण्याआधी जमिनीवर भरपूर उजेड असतो; पुढे सावली दाटत जाते. उजेडाच्या त्या थोड्या आठवड्यांत रानातील कंदवर्गीय रोपे आपले वर्षभराचे काम उरकून घेतात. मुसळी ही त्यांतलीच एक.

या रानाच्या वनस्पतींची नोंद इतिहासात उशिरा झाली, आणि त्याचे कारण राजकीय आहे. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी किंवा वूण या नावाने ओळखला जाई. १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, तो आजही अभ्यासकांच्या मेजावर असतो. परंतु यवतमाळ मुंबई इलाख्यात नव्हते, त्यामुळे ते त्या ग्रंथाच्या सीमेबाहेर राहिले. १९१६ साली डी. ओ. विट या वनाधिकाऱ्यांची वऱ्हाडच्या जंगलांची यादी प्रसिद्ध झाली. तिचा भर वनखात्याच्या गरजेप्रमाणे झाडे, झुडपे, वेली आणि आर्थिक उपयोगाच्या वनस्पती यांवर होता. संपूर्ण जिल्ह्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ यायला १९९३ साल उजाडावे लागले. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या एस. कार्तिकेयन आणि आनंद कुमार यांनी तो लिहिला. सरकारी सीमा माणसांसाठी आखल्या जातात. त्यांचा हिशेब रोपांनाही असा चुकवावा लागतो.

कोलाम मावशींची शिकवण

टिपेश्वरचे अभयारण्य याच जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ आहे. ते १९९७ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. अभयारण्यातील पानालाही हात लावायचा नसतो, म्हणून आम्ही त्याच्या हद्दीबाहेरच्या, गावाच्या वहिवाटीच्या रानात गेलो. आमच्यासोबत जवळच्या पोडावरच्या एक वयस्कर मावशी होत्या. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून शासनाने नोंदलेल्या आदिवासी जमाती तीन आहेत. आपल्या परिचयाचे ठाणे-रायगडचे कातकरी, गडचिरोलीचे माडिया गोंड आणि यवतमाळ व आसपासचे कोलाम.

उतारावर पोहोचताच आम्हांला सगळीकडे मुसळीच दिसू लागली. ज्याला त्याला आम्ही बोट दाखवीत होतो आणि मावशी मान हलवीत होत्या. पहिले रोप काळ्या मुसळीचे निघाले. तिची पाने ताडाच्या कोवळ्या रोपासारखी घड्या पडलेली, आणि फूल पिवळे, अगदी जमिनीला टेकून उमललेले. तिचे कूळही वेगळे. दुसऱ्या रोपाला पांढरे फूल होते, तरी मावशी थांबल्या नाहीत. पुढे एका ऐनाच्या बुंध्यापाशी, खडकाच्या आडोशाला त्या उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "हे पाहा. हिचा पाला भुईले टेकते. थे मघाची उंच होती, थे दुसरी."

त्या रोपाजवळ आम्ही गुडघे टेकून बसलो. बुडापासूनच निघालेली आठ-दहा लांबट पाने चोहोबाजूंनी जमिनीवर पसरलेली होती. मधून वीतभराहून थोडा उंच, फांद्या नसलेला दांडा वर आला होता. त्यावर थोड्या थोड्या अंतराने फुलांचे झुबके होते, बहुतेक झुबक्यांत तीन-तीन फुले. प्रत्येक फुलाला सहा पांढऱ्या पाकळ्या, तीन बाहेर आणि तीन आत; मध्ये सहा पिवळे पुंकेसर. पिवळा भाग, म्हणजे परागकोश, त्याला धरून ठेवणाऱ्या तंतूपेक्षा लांब होता. फुलाच्या नाजूक देठाला मध्येच एक बारीक सांधा होता. हा सांधा या वंशाची खूण आहे आणि तो नेमका कोठे आहे यावरून एका जातीपासून दुसरी वेगळी करता येते. खालच्या काही फुलांची बोंडे धरली होती. ती तीन कप्प्यांची असतात आणि पिकून फुटली की आतून कांद्याच्या बियांसारखे काळे बी पडते.

मघाची उंच मुसळी हिची बहीण. शास्त्रज्ञ तिला क्लोरोफायटम ट्युबरोझम म्हणतात. तिची फुले मोठी आणि डोळ्यांत भरणारी असतात. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिची नोंद पुष्कळ आधी केली होती. दोघींमधला सर्वांत खात्रीचा फरक मात्र जमिनीखाली असतो. ट्युबरोझमची मुळे आधी दोऱ्यासारखी बारीक असतात आणि टोकाशी फुगून त्यांचे कंद होतात, जणू दोऱ्याला मणी लोंबावा. आपल्या पांढऱ्या मुसळीचे कंद मात्र थेट बुडालाच चिकटलेले, बोटांसारखे लांबट आणि जुडग्याने असतात.

ती खूण स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी असे आम्हांला वाटले आणि आमच्यातील एकाने काडीने माती उकरायला सुरुवात केली. मावशींनी त्याचा हात धरला. "खोदू नोका बापू. अजून बी पडाचं हाय." आम्ही ओशाळलो. शहाणपणाच्या हौसेपायी आम्ही त्या रोपाचे वर्षच संपवणार होतो.

बोरिवलीचे नाव

हे रोप मुंबईपासून विदर्भापर्यंतच्या पानझडी रानांत होते, वैद्य त्याचा कंद वापरीत होते, बाजारात ते विकले जात होते. मग १९५५ पर्यंत शास्त्राला त्याचा पत्ता कसा नव्हता? कारणे समजण्यासारखी आहेत. बाजारातील मुसळी सोललेली, वाळलेली आणि पांढरी असते. त्या रूपात तिच्या सगळ्या बहिणी सारख्याच दिसतात. शतावरीची मुळेही त्याच नावाने खपवली जातात. रानात रोप दिसते ते ऐन पावसाळ्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाने पिवळी पडून गळतात आणि पुढच्या जूनपर्यंत जमिनीवर त्याचा मागमूस राहत नाही. फूल इतके नाजूक की कागदात दाबले की त्याचा आकार जातो. आणि नमुना गोळा करणाऱ्याने घाईत दांडा तोडून आणला, कंद मातीतच राहिला, तर ओळखीचा मुख्य पुरावाच हरवतो.

हा गुंता सुटायला दीर्घ चिकाटीचे घर लागते. तसे घर मुंबईत १८६९ साली स्थापन झालेल्या संत झेवियर महाविद्यालयात होते. १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लॅटर १९०३ साली मुंबईत आले आणि १९०६ च्या सुमारास त्यांनी तेथे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह उभारायला आरंभ केला. आज तो ब्लॅटर हर्बेरियम या नावाने ओळखला जातो. हर्बेरियमचे काम वरवर पाहता अगदी साधे असते. रोप कागदात दाबून वाळवायचे, कीड लागू नये म्हणून त्यावर प्रक्रिया करायची, जाड कागदावर टाके घालून किंवा चिकटवून बसवायचे आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. कोठे सापडले, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केले, जमीन कशी होती, फुलाचा रंग काय होता. रंग लिहायचा कारण तो वाळल्यावर उडतो. एखाद्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वहीत जसे नाव, दिवस, आईबाप आणि साक्षीदार नोंदलेले असतात, तशीच ही वही. शंभर वर्षांनी कोणी चौकशीला आले तरी नोंद बोलते.

मुसळीच्या या वंशाशी ब्लॅटर यांचाही संबंध आला. पश्चिम घाटातील क्लोरोफायटम ग्लॉकॉइडिस या जातीचे नाव त्यांनी दिलेले आहे. १९३४ साली त्यांचे निधन झाले. पहिल्या महायुद्धाने दरम्यान मुंबईच्या मिशनचे चित्र पालटले होते. जर्मन धर्मगुरूंना काम करणे अशक्य झाले आणि युद्धानंतर त्यांची जागा स्पेनमधील येशूसंघीयांनी घेतली. त्या परंपरेतून १९०३ साली स्पेनमध्ये जन्मलेले फादर सांतापाव मुंबईत आले. त्यांनी खंडाळ्याच्या घाटात वर्षानुवर्षे पायपीट केली आणि १९५३ साली तेथील वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वातंत्र्यानंतर पुनर्रचना झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे ते मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पुढे संचालक झाले. १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. १९७० साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.

सांतापाव आणि त्यांचे सहकारी आर. आर. फर्नांडिस यांनी १९५५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या ५२ व्या खंडात एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव दिले क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. क्लोरोफायटम हा शब्द ग्रीक. त्याचा अर्थ हिरवे रोप. बोरिव्हिलिएनम म्हणजे बोरिवलीचे. आपण लोकलने ज्या स्टेशनावरून जातो, ज्याच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे, ती ही बोरिवली. याच वंशातील एक आफ्रिकी रोप स्पायडर प्लांट या नावाने आपल्या खिडक्यांत टांगलेले असते. त्याचे छोटे पांढरे फूल नीट पाहिले तर मुसळीची नातेवाईक घरातच सापडेल.

त्या वर्णनाची एक बाजू आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटावी. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचे वर्णन किंवा निदान लॅटिन भाषेत दिल्याखेरीज तिचे नाव वैध ठरत नसे. १९५५ साली आपल्या देवळांत मिस्साही लॅटिनमध्येच होत असे. सकाळी वेदीवर जी भाषा उच्चारायची, तीच दुपारी एका रानफुलाच्या जन्मदाखल्यावर लिहायची, असा तो काळ होता. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आला. रानफुलांचे दाखले त्यानंतरही सुमारे अर्धशतक लॅटिनमध्येच लिहिले गेले.

दाखल्यावरचे साक्षीदार

१९५५ हे साल आणखी एका ग्रंथामुळे आमच्या मनात राहिले. त्याच वर्षी अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचा कोलामी भाषेवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा. मराठीच्या आणि तेलुगूच्या मध्ये राहून तिने आपला वेगळेपणा जपला आहे. म्हणजे मुसळीला आणि मुसळी ओळखणाऱ्यांच्या भाषेला विद्वानांच्या जगात ग्रंथबद्ध जागा मिळाली ती एकाच वर्षी, एकमेकांपासून हजारो मैलांवर, एकमेकांची दखल नसताना. हा केवळ योगायोग आहे. पण तो एक प्रश्न पुढे करतो. रोपाचा दाखला लिहिताना, त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या माणसांची साक्ष कोठे लिहायची?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या देशाच्या इतिहासात आहे. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ केरळच्या वनस्पतींवरचा. तो डच सेनानी व्हान ऱ्हीड यांनी सिद्ध करविला आणि त्याच्या प्रारंभीच्या कामाला कार्मेल संघाचे फादर मॅथ्यू यांचे साहाय्य होते. पण त्यातील औषधी ज्ञानाचा मोठा भाग इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांचा होता, आणि त्यांचे साक्षपत्र त्यांच्याच लिपीत त्या ग्रंथात छापले गेले. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका वसाहतवादी कंपनीच्या ग्रंथाने दाखविलेला हा प्रांजळपणा पुढच्या काळात सर्वत्र टिकला नाही. शास्त्रीय नावाच्या शेपटीला शोधकाचे नाव लागते, चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचे. वाट दाखविणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच नसते.

हे लिहिताना सांतापाव यांच्या कामाचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी दोन सारख्या दिसणाऱ्या रोपांमध्ये भेद केला म्हणूनच आज कोणती जात कोठे उरली आहे आणि कोणती संपत आली आहे, याची विचारपूस करता येते. ज्याला नाव नाही त्याच्या जाण्याची नोंदही होत नाही.

नावामागून आलेला बाजार

परंतु नावाला दुसरी बाजूही आहे. कंदातील सॅपोनिन या द्रव्यांमुळे आणि शक्तिवर्धक म्हणून असलेल्या ख्यातीमुळे मुसळीची मागणी वाढत गेली. एक किलो वाळलेली मुसळी तयार व्हायला चार-पाच किलो ओले कंद सोलावे लागतात. ते कंद सुरुवातीला जवळजवळ सगळे रानातूनच येत. खोदणारा गरीब, घेणारा व्यापारी, आणि दोघांनाही घाई. एकाने बी पडेपर्यंत वाट पाहिली तर दुसरा आधीच खोदून नेणार, ही भीती. त्यामुळे फुलावर असतानाच रोपे उपटली जाऊ लागली, आणि अनेक रानांत जिथे पूर्वी उतारच्या उतार पांढरे व्हायचे तिथे मुसळी विरळ झाली.

मग शेतीचा उपाय पुढे आला. २००० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले आणि प्राधान्याच्या वनस्पतींच्या यादीत सफेद मुसळीला स्थान मिळाले. त्या सुमारास महाराष्ट्रात मुसळीच्या लागवडीची लाट आली. बियाण्याचे कंद चढ्या भावाने विकले गेले, परत खरेदीची आश्वासने दिली गेली. पीक हाती आले तेव्हा भाव कोसळले होते आणि पुष्कळ शेतकऱ्यांचे भांडवल बुडाले. कापसाने आधीच पोळलेल्या विदर्भातही हे घडले. रानातल्या रोपाला शेतात आणल्याने रान वाचेल, हा हिशेब चुकीचा नव्हता. मात्र त्यात शेतकऱ्याचा धोका कोणी धरला नव्हता.

कायद्यानेही या काळात काही दारे उघडली. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तो अधिक पक्का केला. यवतमाळच्या मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी या भागांतील कित्येक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. कंद कधी खोदायचे, किती खोदायचे आणि कोणता उतार एक-दोन वर्षे विसाव्याला ठेवायचा, हे गावाने एकत्र बसून ठरविले तर घाईचे कारणच उरत नाही. हक्क कागदावरून रानापर्यंत यायला मात्र वेळ लागतो, आणि तोवर मुसळीला थांबून राहावे लागते.

या रोपाची शरीररचना अशा शहाणपणाला अनुकूल आहे. नवा कोंब फुटतो तो कंदांच्या वरच्या टोकाशी, जिथे सगळी बोटे एकत्र जुळतात त्या चकतीतून. नुसते तुटलेले बोट मातीत पुरले तर ते उगवत नाही. चकतीचा तुकडा सोबत असेल तर उगवते. म्हणजे पाने वाळून बी पडल्यावर खोदायचे, काही बोटे घ्यायची आणि चकती उरलेल्या बोटांसह परत मातीत ठेवायची, एवढे केले तर पुढच्या जूनमध्ये तेच रोप पुन्हा वर येते.

न उपटता ओळखणे

पोडावर परतताना आम्ही मावशींना विचारले, खोदल्याशिवाय तुम्हांला खात्री कशी वाटते? त्या हसल्या. "दरसाल पाह्यतो ना." त्या उत्तराचा आम्ही परतीच्या प्रवासात पुष्कळ विचार केला. आम्हांला एका दिवसात ओळख हवी होती, म्हणून कंदापर्यंत पोहोचण्याची निकड होती. ज्याला पुढच्या वर्षीही त्याच उतारावर यायचे आहे त्याला पान, दांडा, फूल, बोंड आणि बी या खुणा पुरतात, कारण तो त्या एकामागून एक, त्यांच्या त्यांच्या वेळी पाहतो.

फादर सांतापाव यांच्या खंडाळ्याच्या कामाची रीतही मुळात याहून निराळी नव्हती. एकाच डोंगरावर निरनिराळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा जायचे आणि तेच रोप कोंबापासून बियांपर्यंत पाहायचे. हर्बेरियमच्या कागदावरचा एक नमुना अशा दीर्घ पाहण्याचा पुरावा असतो. एका नमुन्यासाठी उपटलेले रोप आणि पोत्यासाठी उपटलेला उतार यांत जे अंतर आहे, ते ज्ञान आणि लोभ यांतले अंतर आहे. परंतु ज्ञानानेही आपली काडी कधी आवरायची हे शिकावे लागते, आणि ते आम्हांला एका कोलाम मावशींनी शिकविले. आमच्या टिपणवहीत त्या दिवशी आम्ही रोपाचे वर्णन लिहिले, तारीख लिहिली, ऐनाचा बुंधा आणि खडकाची दिशा लिहिली. चौकटीत आणखी एक ओळ लिहिली : ओळख पटविणाऱ्या, पोडावरच्या मावशी. त्यांचे नाव त्यांनी सांगितले होते. ते वहीत आहे. छापायला मात्र त्यांनी नको म्हटले.

आपल्या वाचकांपैकी कोणाला यवतमाळला जाणे जमेल, कोणाला नाही. पण पुढच्या पावसाळ्यात बाजारात कुलीची जुडी घेताना विकणाऱ्या भगिनीला एक प्रश्न जरूर विचारावा : हिचे फूल कसे असते? बहुधा ती आधी आश्चर्याने पाहील आणि मग सांगेल. जुडीची टोके पाहावीत. तेथे पाती वरून कापलेली दिसतील, मूळ सोबत नसेल. ते तिने मातीत ठेवून दिलेले असते, पुढच्या वर्षासाठी.